वेब ॲप आता कुठवर पोहोचलंय? ब्राउझरमधली नवी मानकं आणि आपली रोजची कामं

राजेंद्रनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी,

इंदुरातल्या छोट्या धंद्यांसाठी सॉफ्टवेअर करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. हल्ली एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आणि जीव तुटतो. दुकानदार ॲप करून घ्यायला जातो. अँड्रॉइडचं वेगळं, आयफोनचं वेगळं, ऑफिसातल्या संगणकाचं वेगळं असं कोटेशन त्याच्या हातात पडतं. यातलं बरंचसं काम आज ब्राउझर स्वतः करतो, हे त्याला कोणी सांगत नाही. आपल्या व्यवसायातल्या पुष्कळ मुलांनाही ते माहीत नाही, म्हणून हा धागा.

एक काम समोर ठेवतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. सियागंजातले एक नमकीनचे ठोक व्यापारी आहेत. त्यांचे सेल्समन महू, मानपूर, सांवेर, देपालपूर या बाजूंना फिरतात. दुकानात उभं राहून ऑर्डर लिहायची, पार्टीची मागची उधारी सांगायची, आणि संध्याकाळपर्यंत गोदामात पेट्या बाजूला निघाल्या पाहिजेत. आधी त्यांच्याकडे एका कंपनीनं करून दिलेलं अँड्रॉइड ॲप होतं. रेंज असेपर्यंत ठीक चालायचं. मानपूरच्या पुढे घाटाकडे गेलं की पडद्यावर नुसतं गोल फिरत राहायचं, सेल्समन वैतागून ॲप बंद करायचा आणि लिहिलेली ऑर्डर जायची. शेठजींनी शेवटी कंटाळून पुन्हा बिलबुकं छापून घेतली होती.

तेच काम आम्ही ब्राउझरवर आणलं. त्यात तीन गोष्टी कामाला आल्या.

पहिली, सर्व्हिस वर्कर. पान आणि नेटवर्क यांच्या मध्ये बसणारी ही जावास्क्रिप्टची फाइल. पान जे काही मागेल ते आधी तिच्याकडे येतं, आणि साठवलेलं द्यायचं की बाहेरून आणायचं हे आपण ठरवतो. क्रोममध्ये हे २०१५ च्या सुरुवातीला आलं, सफारीत मार्च २०१८ मध्ये. त्याआधी ॲपकॅश नावाचा प्रकार होता (कॅश म्हणजे ब्राउझरनं जवळ साठवून ठेवलेल्या फाइली). त्यात यादीतली एक फाइल मिळाली नाही तरी सगळंच अडायचं, आणि कॅशच्या बाबतीत आपल्या हातात काहीच नसायचं. सर्व्हिस वर्करनं ती सगळी सत्ता प्रोग्रॅमरकडे दिली.

दुसरी, इंडेक्स्डडीबी. ब्राउझरच्या आतला डेटाबेस. ऑर्डर आधी फोनमध्ये लिहिली जाते, सेल्समनला लगेच 'नोंद झाली' दिसतं, आणि सर्व्हरला पाठवणं नंतर होतं. इथे एक खाचखळगा आहे तो सांगून ठेवतो. इंडेक्स्डडीबीचं ट्रान्झॅक्शन उघडून मध्येच सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसलात, तर ते ट्रान्झॅक्शन आपोआप मिटतं आणि पुढचं लिहिणं फसतं. आधी सर्व्हरकडून काय ते आणा, मग ट्रान्झॅक्शन उघडा आणि एका दमात लिहून मोकळे व्हा.

तिसरी अगदी छोटी आहे. प्रत्येक ऑर्डरला फोनवरच एक अद्वितीय क्रमांक मिळतो, क्रिप्टो.रँडमयूयूआयडी या एका ओळीनं. रेंज येत-जात असेल तर तीच ऑर्डर दोनदा पाठवली जाऊ शकते. क्रमांक तोच असल्यामुळे सर्व्हर दुसरी बाजूला सारतो. सांवेरच्या दुकानात एकाच्या जागी दोन पेट्या उतरत नाहीत.

उधारीसाठीही तीच शिस्त. मुनीमजी रोजमेळात मागचा आकडा खोडत नाहीत, खाली नवी नोंद करतात. फोनवरून शिल्लक कधीच बदलायची नाही, फक्त नोंद पाठवायची आणि शिल्लक सर्व्हरनं काढायची. दोन सेल्समन एकाच पार्टीकडे एकाच दिवशी गेले तरी हिशेब जुळतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वेब ॲप समृद्ध झालं हे मी तेव्हा म्हणेन, जेव्हा ते रेंज नसताना चालेल, लिहिलेलं हरवणार नाही आणि वापरणाऱ्याची लिपी, त्याचे आकडे नीट सांभाळेल. या तिन्हींसाठी लागणारी मानकं आज ब्राउझरमध्ये हजर आहेत. देखण्या पडद्यांवर आपण जेवढा वेळ घालवतो तेवढा यांच्यावर घालवावा.

कोणतं मानक कधी वापरायचं, याला आता एक चांगला आधार आहे. मे २०२३ मध्ये बेसलाइन नावाची खूण सुरू झाली. एखादी सोय क्रोम, एज, फायरफॉक्स आणि सफारी या सगळ्यांत आली की ती 'नव्यानं उपलब्ध', आणि त्यानंतर ३० महिने झाले की 'सर्वत्र उपलब्ध'. माझा नियम सोपा आहे: कामाचा कणा सर्वत्र उपलब्ध असलेल्या गोष्टींवर उभारायचा. बाकीचं असलं तर उत्तम, नसलं तरी काम अडता कामा नये. उदाहरणार्थ बॅकग्राउंड सिंक (ॲप बंद असतानाही राहिलेलं पाठवण्याची सोय) फक्त क्रोमच्या कुळातल्या ब्राउझरांत आहे. म्हणून आमचं ॲप उघडताक्षणी आणि रेंज परतल्यावर स्वतःच राहिलेल्या ऑर्डरी पाठवतं. बॅकग्राउंड सिंक असेल तिथे ॲप बंद असतानाही जातात.

तुम्ही काय वापरता, कुठे अडता, सविस्तर लिहा.

---

रामबागकर

धागा आवडला. थोडा मागचा इतिहास जोडतो, कारण आज जे फुकटात मिळतंय त्यासाठी मोठी ओढाताण झाली आहे.

पान पुन्हा न उघडता सर्व्हरशी बोलण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी केली आणि ती इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून १९९९ साली बाहेर आली. तिची ताकद लोकांना कळली २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आल्यावर. त्याच सुमारास डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेत मोठा मतभेद होता. ती संस्था एक्सएचटीएमएल या एचटीएमएलच्या जास्त काटेकोर रूपाच्या मागे होती. ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांचं म्हणणं होतं की आहे त्याच एचटीएमएलमध्ये ॲप लिहिण्याच्या सोयी वाढवा. ते ऐकलं गेलं नाही, म्हणून २००४ मध्ये त्यांनी वॉटडब्ल्यूजी हा वेगळा गट काढला. पुढे २००९ मध्ये एक्सएचटीएमएल २ चं काम थांबवण्याची घोषणा झाली, ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ ही अधिकृत शिफारस झाली, आणि २०१९ मध्ये दोन्ही संस्थांनी एकच जिवंत मानक मानायचं ठरवलं.

मधल्या काळात 'समृद्ध' म्हणजे फ्लॅश आणि सिल्व्हरलाइट, ब्राउझरला वरून जोडायची प्लगइन. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा अपूर्णांकांचे स्वाध्याय फ्लॅशमध्ये केलेले होते. चित्रं सुंदर, मुलं रमायची. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि ते सगळं काम उघडेनासं झालं. गंमत वाटेल, पण ते परत आणलं ते वेबच्या मानकांनीच. रफल नावाचा मुक्त प्रकल्प आहे, रस्ट भाषेत लिहिलेला आणि वेबअसेम्ब्लीत (इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये वेगानं चालवण्याचं मानक) उतरवलेला. त्यात ते जुने स्वाध्याय आज माझ्या नातीच्या टॅबवर चालतात.

एका कंपनीच्या प्लगइनवर उभारलेलं काम त्या कंपनीच्या मर्जीवर जगतं. मानकावर उभारलेल्या कामाला निदान अनेक वारस असतात.

---

ॲपवाला_विजयनगर

राजेंद्रनगरकर दादा, आदर ठेवून विरोध नोंदवतो. मी अँड्रॉइडचंच काम करतो.

एक, ग्राहक प्ले स्टोअरवर शोधतो. 'दुवा उघडा आणि होम स्क्रीनवर टाका' हे त्याला समजावताना नाकी नऊ येतात. आयफोनवर तर शेअरच्या बटणात जाऊन खाली सरकवून ते शोधावं लागतं. दोन, सेल्समन कुठे आहे हे शेठजींना सतत बघायचं असतं. ॲप मागे गेलं की ब्राउझर ते देत नाही. तीन, प्रिंटर. बाजारातले स्वस्त ब्लूटूथ थर्मल प्रिंटर तुमच्या वेब ॲपला जोडून दाखवा, मग बोलू.

आणि अनुभव असा की मोठ्या यादीवर वेब ॲप अडखळतं. दोन हजार वस्तूंची यादी सरकवून बघा.

---

राजेंद्रनगरकर

विजयनगर, मुद्दे रास्त आहेत. सतत ठावठिकाणा हवा असेल तर वेब ॲप त्या कामाचं नाही, हे मी ग्राहकाला पहिल्याच बैठकीत सांगतो. (आमच्या शेठजींना ते नकोच होतं. 'माणूस आपला आहे, माल वेळेवर निघाला की झालं,' असं त्यांचं उत्तर होतं.)

लांब यादीचं मात्र आता वेगळं आहे. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेत, कंटेंट-व्हिजिबिलिटी हा गुण आहे. त्याला 'ऑटो' दिलं की पडद्याबाहेरच्या ओळी आखण्याचं काम ब्राउझर पुढे ढकलतो. क्रोममध्ये २०२० पासून होतं, फायरफॉक्स आणि सफारीत २०२४ मध्ये पोहोचलं. पुष्कळदा यादी अडखळते ती प्रत्येक ओळीला आपणच लावलेल्या स्क्रिप्टमुळे. आधी ती मोजा. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली विकसकांची साधनं) परफॉर्मन्स उघडून प्रोसेसर मुद्दाम मंद करता येतो. सेल्समनचा फोन कसा वागेल ते आपल्या टेबलावर कळतं.

प्रिंटरवर सविस्तर लिहायचंय, ते शेवटी घेतो.

---

बडोद्याहून

आयफोनबद्दल एक गोष्ट या धाग्यात यायलाच हवी, नाहीतर कोणाचा तरी डेटा जाईल.

आयओएस १३.४ पासून, म्हणजे मार्च २०२० पासून, सफारीचा नियम असा आहे: सफारी वापरात आहे पण तुमच्या साइटला माणसानं सात दिवसांत हात लावला नाही, तर स्क्रिप्टनं साठवलेला सगळा मजकूर पुसला जातो. इंडेक्स्डडीबीसुद्धा. दिवाळीत सेल्समन आठवडाभर गावी गेला, फोनवर बातम्या वाचत राहिला, तुमचं ॲप उघडलं नाही, आणि न गेलेल्या ऑर्डरी साफ. होम स्क्रीनवर टाकलेल्या वेब ॲपला हा नियम लागत नाही. म्हणून आयफोनवाल्यांसाठी 'होम स्क्रीनवर टाका' ही शोभेची पायरी समजू नका. मी तर टाकल्याशिवाय ऑर्डर घेऊच देत नाही, नम्र सूचना दाखवते. पुश सूचनाही आयफोनवर आयओएस १६.४ पासून, मार्च २०२३ मध्ये आल्या, आणि त्याही होम स्क्रीनवरच्या ॲपलाच मिळतात.

बाकीच्या ब्राउझरांत नेव्हिगेटर.स्टोरेज.पर्सिस्ट ही विनंती करून ठेवा. फोनची जागा भरली की ब्राउझर साइटांचा साठा न विचारता काढू शकतो. ही विनंती मान्य झाली तर तुमचा साठा राहतो.

दुसरं, मानक आहे म्हणून निर्धास्त राहू नये. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलनं युरोपीय संघात आयओएस १७.४ पासून होम स्क्रीनवरची वेब ॲप साध्या बुकमार्कच्या पातळीवर आणायचं जाहीर केलं होतं. विकसकांनी जोरदार विरोध केला, आणि १ मार्चला तो निर्णय मागे घेतला गेला. त्या दोन आठवड्यांत आमच्या ऑफिसात सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. आपण गप्प बसलो असतो तर आज वेगळं चित्र असतं.

---

तानपुरा_ग्वाल्हेर

मी दुकानाच्या कामातली नाही, गाण्यातली आहे, तरी लिहिते. ग्वाल्हेरला आमच्या क्लाससाठी रियाजाचं वेब ॲप आम्ही दोघी मैत्रिणींनी केलं: तानपुरा, आणि गाताना सूर कुठे लागतोय ते दाखवणारी रेघ.

वेब ऑडिओ हे मानक जून २०२१ मध्ये डब्ल्यूथ्रीसीची शिफारस झालं. त्यातलं ऑडिओवर्कलेट फार सुंदर आहे. आवाजाचं गणित पानाच्या मुख्य कामाच्या ओळीपासून (थ्रेडपासून) वेगळं चालतं आणि १२८ नमुन्यांच्या तुकड्यांत चालतं. ४४,१०० हर्ट्झला एक तुकडा म्हणजे जेमतेम २.९ मिलिसेकंद. मुलीनं पडद्यावर काहीही दाबलं तरी तानपुरा तुटत नाही. आधी आम्ही ध्वनीची फाइल पुन्हा पुन्हा वाजवत होतो आणि जोडाच्या जागी बारीक खळ पडायचा. रियाजाला बसलेल्या माणसाला तो असह्य होतो.

सूर ओळखण्याचं गणित सी भाषेत होतं, ते वेबअसेम्ब्लीत उतरवलं. वेबअसेम्ब्ली २०१७ अखेर चारही मोठ्या ब्राउझरांत पोहोचली होती आणि ५ डिसेंबर २०१९ ला अधिकृत शिफारस झाली, त्यामुळे जुन्या फोनांचीही अडचण आली नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचं सांगते, हे कुठे लिहिलेलं सहज सापडत नाही. माइक मागताना ब्राउझर आपण होऊन तीन गोष्टी लावू शकतो: प्रतिध्वनी घालवणं, गोंगाट दाबणं आणि आवाजाची पातळी सारखी करणं. बोलण्यासाठी ते छान आहे. गाण्यात लांबवलेला षड्ज त्याला पंख्याच्या घरघरीसारखा एकसुरी गोंगाट वाटतो आणि तो हळूहळू दाबला जातो! मुलगी सूर धरून आहे आणि पडद्यावरची रेघ विरत चाललीये. माइक मागतानाच एकोकॅन्सलेशन, नॉइजसप्रेशन आणि ऑटोगेनकंट्रोल या तिन्हींना 'फॉल्स' द्या. हेडफोन लावायला सांगा, म्हणजे तानपुऱ्याचा आवाज माइकमध्ये शिरत नाही.

आणि स्क्रीन वेक लॉक. रियाज चालू असताना फोनचा पडदा मिटू नये म्हणून. आता सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे.

---

रामबागकर

तानपुरा ताई, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. षड्ज दाबला जातो हे वाचून थक्क झालो. आवाज पहिल्यांदा सुरू करताना बटण दाबावंच लागतं का?

---

तानपुरा_ग्वाल्हेर

हो काका. माणसानं स्वतः स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर सहसा आवाज सुरू करू देत नाहीत. आम्ही त्याचा फायदा घेतला. आधी पट्टी निवडायची, पांढरी चार की काळी दोन, मग 'सुरू' दाबायचं. त्या दाबण्यातच परवानगी मिळते.

---

टेस्टिंगवाली

मूळ धाग्यात लिपी आणि आकडे यांचा ओझरता उल्लेख आहे. माझं रोजचं काम तेच, म्हणून थोडं लांबवते.

इंदुरात एकच ॲप मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्हींत द्यावं लागतं. ब्राउझरमध्ये इंटल नावाचा संच आहे, तो यासाठीच. त्याच्या नंबरफॉरमॅटला मराठीचा संकेत दिला की सव्वा लाख '१,२५,०००' असे येतात, देवनागरी आकडे आणि लाखाचा स्वल्पविराम दोन्ही बरोबर. हिंदीचा संकेत दिला तर आकडे इंग्रजी येतात, स्वल्पविराम मात्र लाखाचाच. हिंदीतही देवनागरी हवे असतील तर संकेतापुढे तसं सांगावं लागतं. यासाठी वेगळी लायब्ररी घालणारे लोक मी आजही बघते.

उलट दिशेनं मात्र सांभाळा. सेल्समननं देवनागरी कळफलकावरून '१२' टाकलं तर जावास्क्रिप्टचं नंबर त्याला संख्या मानत नाही. ऑर्डरच्या रकान्यात साधा मजकुराचा इनपुट ठेवा, इनपुटमोड 'डेसिमल' द्या म्हणजे आकड्यांचा कळफलक उघडेल, आणि आलेले देवनागरी आकडे स्वतः बदलून घ्या. दहा ओळींचं काम आहे. ते नसलं की सेल्समन म्हणतो 'ॲप माझं ऐकत नाही', आणि त्याचं बरोबर असतं.

लांबी मोजतानाही तसंच. 'स्त्री' हे आपल्याला एक अक्षर, जावास्क्रिप्टच्या लेंग्थला सहा. दुकानाच्या नावाला वीसची मर्यादा घातली की 'श्री लक्ष्मीनारायण किराणा' मध्येच तुटतं आणि शेवटी नुसता 'क' उरतो. मजकूर अक्षरांत तोडणारा इंटल.सेगमेंटर वापरा. फायरफॉक्समध्ये तो एप्रिल २०२४ ला आल्यापासून सगळीकडे आहे. क्रमवारीला इंटल.कोलेटर. साध्या क्रमवारीत ळ हा ल च्या पाठोपाठ येतो कारण युनिकोडच्या तक्त्यात तो तिथे आहे. आपल्या वर्णमालेत त्याची जागा ह नंतर. कोलेटर भाषेचे नियम बघतो.

पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषेचा संकेत नक्की द्या. देवनागरीच्या चांगल्या फॉन्टांत मराठी ल आणि श यांची वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा मराठी आहे हे कळलं की ती आपोआप वापरली जातात. त्याहून मोठं कारण म्हणजे स्क्रीन रीडर, पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय. माझ्या ओळखीचे एक काका दृष्टी गेल्यापासून टॉकबॅकवर, म्हणजे अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरवर, फोन वापरतात. संकेत इंग्रजी असलेल्या पानावरचा मराठी मजकूर इंग्रजी आवाज कसा वाचतो, ते त्यांच्या शेजारी बसून ऐका. पुन्हा कधी तो संकेत विसरणार नाही.

त्यांच्यासाठी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे पानावर चौकट उघडणारा डायलॉग हा टॅग. मार्च २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे. शोमोडलनं उघडला की फोकस आत जातो, मागचं पान निष्क्रिय होतं, एस्केपनं बंद होतो. तेच डिव्हच्या ढिगानं केलं की काका मागच्या पानावर भटकत राहतात आणि समोर काय उघडलंय त्यांना कळत नाही. कृपा करून बटणाला बटणच वापरा.

---

कोडकट्टा

वेबजीपीयूबद्दल, म्हणजे ब्राउझरमधून ग्राफिक्स चिप वापरण्याच्या मानकाबद्दल, कोणीच बोललं नाही? क्रोम ११३ मध्ये मे २०२३ ला आलं, सफारीत २६ व्या आवृत्तीत २०२५ मध्ये. ब्राउझरमध्येच भाषेची छोटी मॉडेलं चालवता येतात, मजकूर फोनबाहेर जात नाही. खरी मजा पुढे तिथेच आहे असं मला वाटतं.

---

राजेंद्रनगरकर

कोडकट्टा, सहमत आहे, फक्त क्रम लावायला हवा. वेबजीपीयू चांगल्या फोनवर अप्रतिम चालतं. आमच्या सेल्समनांचे फोन साधे आहेत, त्यावर कणा उभारता येणार नाही. पण वेबअसेम्ब्लीवरचं टेसरॅक्ट (फोटोतला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर) आजही वापरता येतं. त्यात मराठीचा डेटा आहे आणि छापील बिलाच्या फोटोतला मजकूर फोनवरच वाचला जातो. उजेड बरा असेल आणि छपाई स्वच्छ असेल तर बऱ्यापैकी. हातानं लिहिलेल्या चिठ्ठीवर मात्र भिस्त ठेवू नका.

मॉडेलांची फाइल मोठी असते. ती वायफायवर असताना एकदाच उतरवून साठवून ठेवायची, रस्त्यात नाही. डेटा संपला की सेल्समन आपल्या ॲपलाच आधी दोष देतो आणि तो द्यायलाच हवा.

---

नवशिकी_इंदूर

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलाखतीला सगळीकडे रिॲक्ट हे फ्रेमवर्कच विचारतात. मग हे सगळं शिकायला वेळ कुठून काढायचा? आणि सर्व्हिस वर्कर करून बघितला, तर कोड बदलला तरी जुनंच पान दिसत राहतं. कंटाळून काढून टाकला.

---

राजेंद्रनगरकर

काढू नकोस बाळ, तिथेच खरं शिक्षण आहे. नवा सर्व्हिस वर्कर उतरतो, पण जुन्याच्या ताब्यातले सगळे टॅब बंद होईपर्यंत थांबून राहतो. मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर अर्धं पान जुनं आणि अर्धं नवं अशी खिचडी होईल. शिकताना डेव्हटूल्समध्ये ॲप्लिकेशनच्या भागात 'अपडेट ऑन रीलोड' लावून ठेव. खऱ्या ॲपमध्ये नवा वर्कर आल्याचं कळलं की खाली पट्टी दाखवायची, 'नवे भाव आले आहेत, इथे दाबा', आणि दाबल्यावरच स्किपवेटिंग करायचं, म्हणजे नव्या वर्करला लगेच ताबा द्यायचा. ऑर्डर अर्धी लिहिलेली असताना पान आपोआप बदललेलं कोणालाच आवडत नाही. भावांची यादी मात्र सर्व्हिस वर्करच्या कोडमध्ये बांधू नकोस, ती वेगळी मागव.

रिॲक्ट जरूर शीक, नोकरीला लागतं. पण त्याच्या खाली फेच, इंडेक्स्डडीबी, फॉर्म, डायलॉग, कॅश आहेत. फ्रेमवर्क बदलतील, ते राहतील. सुरुवातीला एक छोटं ॲप कुठल्याही फ्रेमवर्कशिवाय कर. घरचा किराण्याचा हिशेब घे. विमान मोडवर फोन टाकून ते चालतं का बघ. चाललं की मुलाखतीत तेच दाखव.

---

टेस्टिंगवाली

आणि एचटीटीपीएसवरच टाक. सर्व्हिस वर्कर, माइक, रँडमयूयूआयडी, सगळं सुरक्षित जोडणीवरच चालतं. लोकलहोस्टला सूट आहे, म्हणून आपल्या मशीनवर चालतं आणि मित्राच्या फोनवर आयपी टाकून उघडलं की चालत नाही. नव्या मुलांचा पुष्कळ वेळ यात जातो.

---

नवशिकी_इंदूर

अगदी हेच झालं होतं ताई! दोघांचे आभार. विमान मोडचं आज रात्रीच करून बघते.

---

ॲपवाला_विजयनगर

ताई, ल आणि श चं मला माहीत नव्हतं, आमच्या नेटिव्ह ॲपमध्येही ते बघायला हवं. दादा, प्रिंटर राहिला.

---

राजेंद्रनगरकर

आता प्रिंटर.

वेब ब्लूटूथ, म्हणजे ब्राउझरमधून ब्लूटूथशी बोलण्याची सोय, फक्त क्रोमच्या कुळात आहे. फायरफॉक्स आणि सफारी देत नाहीत, आणि सुरक्षेची त्यांची कारणं मला पटतातही. वेब ब्लूटूथ फक्त कमी ऊर्जेच्या ब्लूटूथशी, म्हणजे बीएलईशी बोलतं. स्वस्त प्रिंटरांतले पुष्कळ जुन्या पद्धतीचे असतात, ते यात दिसतच नाहीत. म्हणून आम्ही प्रिंटर घेण्याआधीच शेठजींना सांगितलं की खोक्यावर बीएलई आहे का ते बघून घ्या. नंतर डोकेफोड करण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.

पुढचा प्रश्न देवनागरीचा. या प्रिंटरांत सहसा देवनागरी फॉन्टच नसतो, मजकूर पाठवला की चौकोन किंवा कचरा उमटतो. त्यामुळे पावती आधी कॅनव्हासवर (ब्राउझरमधला चित्र काढायचा फलक) काढायची. ५८ मिलिमीटरच्या कागदावर छपाईची रुंदी ४८ मिलिमीटर, एका मिलिमीटरला ८ ठिपके, म्हणजे कॅनव्हास ३८४ ठिपके रुंद. त्याचं चित्र काळं-पांढरं करायचं, आठ ठिपक्यांचा एक बाइट असं बांधायचं, आणि रास्टर चित्राच्या आज्ञेनं छोट्या छोट्या तुकड्यांत पाठवायचं. एकदम मोठा तुकडा पाठवला तर पावतीच्या मध्ये पट्टे सुटतात. अक्षराची उंची २४ ठिपक्यांच्या खाली नेऊ नका. आमच्या पावतीवर त्याखाली मात्रा आणि रफार एकमेकांत मिसळायला लागले. ब्राउझर जोडाक्षरं स्वतः बांधतो, त्यामुळे 'लक्ष्मीनारायण' पावतीवर अगदी स्वच्छ येतं.

ज्याच्याकडे आयफोन आहे त्याला त्याच कॅनव्हासचं चित्र वेब शेअरनं पार्टीच्या व्हॉट्सॲपवर पाठवता येतं. फाइल शेअर करण्याची सोय सफारीत १५ व्या आवृत्तीपासून आहे. देपालपूरचे बरेच दुकानदार आता कागद मागतच नाहीत, फोटोच मागतात.

विजयनगर, तुझ्याकडे जुन्या पद्धतीचा प्रिंटर पडून असेल तर रविवारी घेऊन ये. संगणकावरच्या क्रोममध्ये वेब सीरियल (सीरियल पोर्टच्या उपकरणांशी बोलण्याची सोय) ११७ व्या आवृत्तीपासून जुन्या ब्लूटूथशीही बोलतं. गोदामातल्या संगणकावरून तो चालतो का, ते दोघं मिळून बघू.

---

ॲपवाला_विजयनगर

आहे माझ्याकडे, येतो. आणि सेल्समनचा एखादा साधा फोन मिळाला तर दोन हजार वस्तूंची यादीही त्यावर चालवून बघू. माझं नेटिव्ह ॲप शेजारी ठेवतो.